गोड्या पाण्याचं दुखणं

जून लागला की कोकण किनाऱ्यावरच्या लाकडी बोटी पाण्याबाहेर येतात. मासेमारीला बंदी असते (अलीकडे पश्चिम किनाऱ्यावर ती साधारणपणे १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची), समुद्र खवळलेला असतो आणि वर्षभर पुढं ढकललेली दुरुस्ती आता आणखी ढकलता येत नाही. हर्णै असो, जयगड असो की देवगड, रीत तीच. उधाणाच्या भरतीला बोट जितकी वर येईल तितकी आणायची, मग ओंडक्यांवरून ओढून, हल्ली क्रेन किंवा जेसीबी लावून, भरतीच्या पाण्यापासून लांब घ्यायची, दोन्ही अंगांना टेकू द्यायचे आणि शाकारून ठेवायची. यातल्या बऱ्याच बोटींचं रंगरंगोटीवर भागतं. काहींचं दुखणं मात्र खोल गेलेलं असतं.

नाखव्याची, म्हणजे बोटमालकाची, तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ‘इंजिन हलतंय.’ फाउंडेशनचे बोल्ट आवळावेत तर आठवड्यात पुन्हा ढिले. शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थेंबाथेंबानं येणारं पाणी आता धारेनं येतंय. वेग वाढवला की सगळी बोट थरथरते. एखाद्याचा तर भर समुद्रात कपलिंगचा बोल्ट तुटलेला असतो आणि दुसऱ्या बोटीनं ओढून आणावं लागलेलं असतं. मेकॅनिकनं इंजिनाच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे, म्हणजे शिम, सरकवून लाइन जमवून दिलेली असते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. हंगाम संपल्यावर काम सुताराकडं येतं, कारण दोष इंजिनात नसतोच. इंजिन ज्यावर बसलंय ते लाकूड गेलेलं असतं.

कुजलेली फळी बदलणारे बरेच भेटतात, इंजिन खोलून जोडणारेही भेटतात. ही दोन दुखणी मुळात एकच आहेत हे ओळखून योग्य क्रमानं हात घालणारे मेस्त्री थोडे. जुनी यांत्रिक बोट पुन्हा उभी करण्याचं सगळं कसब या ओळखण्यात आहे.

टोच्या काय सांगतो

मेस्त्रीची तपासणी बघत बसावी अशी असते. हत्यारं दोनच, एक हातोडी आणि एक टोच्या. इंजिनावरचं झाकण काढून तो खाली उतरतो, तळाशी साचलेलं डिझेलमिश्रित पाणी उपसायला लावतो आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी बोटीच्या लांबीत गेलेल्या जाड तुळयांवर हातोडी वाजवत पुढं सरकतो. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, हातोडी उसळून परत येते. मध्येच आवाज बसतो. भद्द. हातोडी उसळत नाही. तिथं टोच्या टेकवला की जोर न लावता मुठीपर्यंत आत जातो आणि बाहेर येताना ओला तपकिरी भुसा घेऊन येतो. वरचा रंग शाबूत असतो, त्याची चकाकीसुद्धा. रंगाच्या पापुद्र्याखाली लाकडाचे बारीक चौकोनी तुकडे पडलेले असतात, बोटांत चुरले की पीठ होणारे.

जिथं टोच्या गेला तिथं खडूची खूण. मग तो वाकांकडं वळतो. वाक म्हणजे फळ्यांना आतून धरून ठेवणाऱ्या बोटीच्या बरगड्या. त्यांची खालची टोकं, डेक आणि बाजूच्या फळ्या मिळतात ती कड, पिछाडीच्या फळीचे कोपरे, प्रत्येक गंजलेल्या खिळ्याचा परिसर, सगळीकडं टोच्या फिरतो. खडूच्या खुणा वाढत जातात.

‘मेस्त्री, एवढं गेलंय?’
‘थांबा नाखवा, अजून पठाणाकडं गेलोच नाय.’

पठाण म्हणजे बोटीच्या तळाचा मुख्य कणा. पुढं नाळ, म्हणजे नाकाचं उभं लाकूड, त्यालाच जोडलेली, वाक त्यावरच उभे आणि शाफ्टची रेघ त्याला धरूनच आखलेली. पठाणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बघतात. मधला भाग वर उचलला गेला असेल आणि दोन्ही टोकं खाली झुकली असतील, तर बोटीची पाठ मोडली असं समजायचं. पुढचा निर्णय यावर ठरतो. पठाण सरळ आणि शाबूत असेल तर बाकी सगळं बदलता येतं. पठाणच गेला असेल तर बोट फोडून कामाचं लाकूड आणि इंजिन वेगळं काढणं शहाणपणाचं ठरतं.

समुद्र लाकूड कुजवत नाही

खाऱ्या पाण्यात राहून बोट कुजते, असा आपला किनाऱ्यापासून लांबचा समज. प्रत्यक्षात उलटं आहे. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला चार गोष्टी लागतात: लाकूड, हवा, ऊब आणि ओल. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी वाढत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास गेलं की तिचं फावतं. पाण्याखाली कायम बुडालेल्या लाकडात हवा उरत नाही, म्हणून तिथंही ती जगत नाही. मीठ तर तिला मानवतच नाही. त्यामुळं वर्षानुवर्षं पाण्याखाली असलेल्या तळाच्या फळ्या ठणठणीत निघतात आणि ज्याला समुद्राचं पाणी कधी लागत नाही तो डेकखालचा कोपरा भुसा होऊन बाहेर येतो.

खरा शत्रू पावसाचं गोडं पाणी. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डेकच्या एखाद्या उघड्या सांध्यातून तो आत झिरपतो आणि उताराप्रमाणं बोटीच्या सगळ्यात खोल जागी, म्हणजे इंजिनाखाली, जाऊन साचतो. इंजिनाची ऊब आयती असते, वरून झाकण घट्ट असतं, वारा नसतो. बुरशीला याहून चांगली जागा मागून मिळणार नाही. त्यात डिझेल आणि ऑइल सांडून तुळयांवर काळा चिकट थर बसलेला असतो, त्यामुळं खाली काय चाललंय ते दिसतही नाही.

जुन्या लोकांना यातलं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण शाकारण्याच्या पद्धतीत ते होतं. माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांनी बोट झाकली की पाऊस बाहेर राहायचा आणि वारा आत खेळायचा. आता झापांच्या जागी प्लास्टिक आणि ताडपत्री आली. ती पाणी अडवते, पण घट्ट बांधली की आतली दमट हवाही अडवते. दोन महिन्यांनी ताडपत्री काढली की आतून येणारा कुबट वास हीच पहिली सूचना. बोटीच्या दोन्ही टोकांना हवेसाठी तोंड मोकळं ठेवलं तर अर्धी दुरुस्ती वाचते.

पाण्याखालच्या लाकडाला धोका असतो तो वेगळाच, टेरेडो नावाच्या जीवाचा. दिसतो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो पिल्लू असताना लाकडात शिरतो, डोक्याशी असलेल्या दोन छोट्या शिंपांनी लाकूड कोरत आतच वाढतो आणि बोगद्याला चुन्याचं अस्तर लावत जातो. बाहेरून फळी जवळपास अखंड दिसते आणि आत चाळणी झालेली असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी आरमारानं जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारायला सुरुवात केली ती बऱ्याच अंशी याच्या भीतीनं, आणि आज तळाला लावायच्या रंगात तांब्याची संयुगं असतात तीही काही अंशी त्यासाठीच. गंमत अशी की हा जीव गोड्या पाण्यात फार काळ तगत नाही. म्हणजे खाडीतून वर, नदीच्या पाण्यात बोट नेऊन ठेवली की तळाचा किडा मरतो, पण तेच गोडं पाणी पावसावाटे डेकवरून आत आलं की लाकूड मरतं.

लाकूड कुठलं, लोखंड कुठलं

सागाचा लौकिक उगाच झालेला नाही. त्याच्या गाभ्यातलं तेल बुरशीला आणि किडीला दूर ठेवतं. शिवाय ओकसारख्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, तसं सागात होत नाही. लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यानं अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली ती याच बळावर. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे त्यातलं एक. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला बघायला मिळतं.

पण मच्छीमाराच्या बोटीत सगळाच साग परवडत नाही. फळ्यांना साग वापरला तरी वाकांना बाभूळ, इतर भागांना ऐन किंवा फणस अशी सोबत असते. आणि सागातही गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड बुरशीला तेवढंच आवडतं. घाईनं घेतलेल्या तुळईत एका कडेला असं फिकट लाकूड राहून जातं आणि कूज नेमकी तिथूनच सुरू होते.

आणखी एक गोष्ट इतिहासातून आलेली आहे. किनाऱ्यावरच्या पारंपरिक होड्या आणि मचवे शिडासाठी घडवलेले होते. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला, केरळात नींडकरा इथं मासेमारी होड्यांना इंजिन बसवण्याचं काम सुरू झालं आणि पुढं यांत्रिकीकरण साऱ्या किनाऱ्यावर पसरलं. शिडाचा जोर डोलकाठीतून आणि दोरांतून बोटभर वाटला जायचा. इंजिनाचा जोर एका जागी, खाली, आणि तोही अखंड थरथरत लागतो. बोटीचा सांगाडा तोच राहिला आणि त्यावर येणारा भार पार बदलला. त्यात अनेक बोटींवरची इंजिनं मूळची ट्रकच्या घराण्यातली, पोलादी चासीवर बसायला जन्मलेली. इथं त्यांचे बोल्ट लाकडात असतात.

तुळई म्हणजे नुसतं बैठक-लाकूड नव्हे

इंजिनाचं वजन, गिअर बॉक्स धरून, पाच-सातशे किलोच्या घरात सहज जातं. पण तुळयांवरचा मोठा ताण वजनाचा नसतो. पंखा पाणी मागं ढकलतो तेव्हा त्याचा उलटा रेटा शाफ्टमधून गिअर बॉक्समध्ये येतो, तिथून इंजिनाच्या पायांत, पायांतून तुळयांत, तुळयांतून वाकांत आणि शेवटी पठाणात. बोट पुढं जाते ती या साखळीमुळं. तुळई कुजली की साखळीची एक कडी मऊ होते. मग पुढं जाताना इंजिन किंचित पुढं सरकतं, रिव्हर्स टाकला की मागं. बोल्टचं भोक लांबट होतं. त्या भोकातून पाणी आणखी आत जातं, लाकूड आणखी मऊ पडतं. आवळून आवळून बोल्ट लाकडातच रुतत जातो.

म्हणून चांगला मेस्त्री तुळई इंजिनाच्या लांबीएवढीच ठेवत नाही. ती पुढं-मागं जितक्या जास्त वाकांवरून नेता येईल तितकी नेतो, म्हणजे भार एका ठिकाणी न पडता वाटला जातो. ती प्रत्येक वाकाच्या ठिकाणी तळातल्या आडव्या लाकडांना आरपार बोल्टनं बांधतो. वर इंजिनाचे पाय टेकतात तिथं लोखंडी अँगल किंवा जाड पट्टी बसवतो, म्हणजे पायाचा दाब लाकडाच्या तंतूंवर थेट येत नाही. लाकडात नुसता पिळून बसवलेला स्क्रूबोल्ट इथं चालत नाही, खाली नट लागतो आणि नटापर्यंत पाना पोचायला जागाही लागते. ही जागा ठेवायला विसरलेल्या बोटी पुढं प्रत्येक दुरुस्तीत मेकॅनिकच्या शिव्या खातात.

आधी आकार, मग लाकूड

दुरुस्तीतली पहिली चूक म्हणजे कुजलेलं दिसलं की लगेच काढायला लागणं. जुनी बोट आपल्या आकारात उभी असते ती अर्धी सवयीनं. एका बाजूचे चार वाक एकदम काढले तर फळ्या बाहेर पसरतात, आणि मग नवे वाक त्या चुकीच्या आकाराला बसतात. म्हणून आधी पठाण समपातळीत टेकवायचा, बोटीला आतून आडवे-तिरके टेकू मारून आकार बांधून घ्यायचा आणि तिकाटण्याला चेन ब्लॉक लावून इंजिन बाहेर काढायचं. मगच करवत. वाक एकाआड एक बदलायचे, म्हणजे शेजारचा जुना वाक आकाराला साक्षी राहतो.

कुजलेलं लाकूड कापताना दिसतं तेवढंच कापून भागत नाही. बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पुढं गेलेले असतात. म्हणून तंतूंच्या दिशेनं हात-दीड हात पुढं, निरोगी लाकूड लागल्यावरही थोडं आणखी, असं कापतात. मग नव्या तुकड्याचा सांधा. फळीला फळी नुसती टोकाला टोक भिडवून जोडली तर तो सांधा कायमचा कच्चा. दोन्ही टोकं तिरकी तासून एकमेकांवर बसवतात. जाडीच्या आठपट तरी लांब असा उतार फळीला, आणि जिथं ताण जास्त, उदाहरणार्थ तुळईला, तिथं बारापटीपर्यंत. दोन इंची तुळईला म्हणजे दोन फुटांचा उतार. तो रंध्यानं असा जुळवायचा की मध्ये उजेड दिसता कामा नये. एका रांगेत शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे येऊ द्यायचे नाहीत, हा आणखी एक नियम. इतकं लाकूड वाया घालवायला नाखवा कुरकुरतो, पण लहान सांध्याच्या बचतीची किंमत पुढच्याच पावसात मोजावी लागते.

फळ्या बसल्या की कलाफत. दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेला कापसाचा पीळ बोथट छिन्नीनं ठोकून बसवायचा आणि वरून राळ व तेलाचं लुकण भरायचं. फट बाहेरून रुंद आणि आतून बंद असते, म्हणजे पाण्याच्या दाबानं कापूस आणखी घट्ट बसतो. इथं जोर किती लावायचा ते हाताला कळतं. दोन महिने पाण्याबाहेर राहिलेल्या फळ्या आक्रसलेल्या असतात, फटी मोठ्या दिसतात. त्या दिसतात तेवढ्या ठासून भरल्या तर पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, त्यांना सरकायला जागा उरत नाही आणि त्या खिळे उपटतात किंवा वाकच मोडतात. म्हणून लाकडी बोट पाण्यात उतरवल्यावर पहिला दिवस-दोन दिवस थोडं पाणी घेते, ते चांगलंच लक्षण. पंप लावून बसायचं. फळ्या फुगल्या की पाणी आपोआप बंद होतं.

कागदाएवढी फट

नवी तुळई, नवे बोल्ट, इंजिन जागेवर. आता शाफ्टची लाइन. ती जमिनीवर अंदाजानं जमवतात, पण पक्की करायची ती पाण्यातच. किनाऱ्यावर टेकूवर उभी असताना बोटीचा आकार वेगळा असतो, तरंगायला लागल्यावर वेगळा. म्हणून बोट एक-दोन दिवस पाण्यात बसू द्यायची, डिझेल टाकीत नेहमीइतकं भरायचं आणि मग कपलिंगचे बोल्ट सोडायचे.

गिअर बॉक्सच्या बाजूची चकती आणि शाफ्टच्या बाजूची चकती समोरासमोर आणतात. आधी त्यांचे मध्य जुळले का ते कडेवर सरळ पट्टी ठेवून बघतात. मग दोन्हींमधल्या फटीत फीलर गेजची पाती घालून चार ठिकाणी मापतात, वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. प्रचलित नियम असा की चकतीच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागं इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त फरक असू नये. पाच इंची चकतीला म्हणजे पाच हजारांश इंच, जेमतेम एका झेरॉक्सच्या कागदाची जाडी. वर जास्त फट असेल तर इंजिनाचा पुढचा भाग उचलायचा किंवा मागचा खाली आणायचा. एक पाय हलवला की बाकीची तिन्ही मापं बदलतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शाफ्टची चकती अर्धा फेरा फिरवून परत मापायचं. मोठी फट चकतीबरोबर फिरली तर दोष इंजिनाच्या बैठकीत नाही, शाफ्ट किंवा चकती वाकलेली आहे.

मऊ तुळईवर हे सगळं करून उपयोग नसतो तो का, ते इथं कळतं. कागदाएवढी फट जुळवून बोल्ट आवळायला घेतला की कुजक्या लाकडात पाय त्याच्या कितीतरी पट खाली जातो.

सोपे उपाय आणि त्यांची किंमत

वेळ आणि पैसा दोन्ही कमी असल्यामुळं आडवाटा पुष्कळ निघाल्या आहेत. कुजलेल्या तुळईवर लोखंडी चॅनल टाकून इंजिन त्यावर बसवायचं. एखादा हंगाम निघतो, मग चॅनलसकट सगळं हलू लागतं. इंजिनाखाली रबरी माउंटिंग लावायची. त्यानं थरथर कमी जाणवते, पण खालचं लाकूड तसंच राहतं, आणि सांडलेल्या तेलानं रबरही खराब होतं. कुजक्या लाकडात पातळ इपॉक्सी ओतायची. ती वरचा थर दगडासारखा करते, आतपर्यंत सगळीकडं पोचत नाही. ओल आत अडकते आणि कूज चालूच राहते. छोट्या, भार नसलेल्या तुकड्याला इपॉक्सी ठीक. ज्यावर इंजिन बसतं तिथं ती नको.

सगळ्यात मोहाचा उपाय म्हणजे जुन्या लाकडी बोटीला बाहेरून फायबरचं आवरण चढवणं. गळती ताबडतोब थांबते. लाकूड पूर्ण वाळलेलं आणि निरोगी असेल आणि डेक पक्कं असेल तर ते टिकतंही. पण ओल्या, अर्धवट कुजलेल्या बोटीला चढवलं की बाहेरून पाणी येत नाही आणि वरून आलेलं पावसाचं पाणी बाहेर पडत नाही. बुरशीला हवं असतं तेच आपण बांधून देतो.

तरीही लोक जुनी बोट सोडत नाहीत याची कारणं निव्वळ जिव्हाळ्याची नाहीत. बोटीचा नोंदणी क्रमांक, मासेमारीचा परवाना, सोसायटीमार्फत मिळणारा डिझेलचा परतावा, हे सगळं त्या बोटीला लागून असतं. नवीन बोटीसाठी कर्ज आणि कागदपत्रांचा वेगळा व्याप. त्यापुढं तुळया आणि दहा-बारा फळ्या बदलणं स्वस्त पडतं, आणि लाकडी बोटीचा मोठा गुण हाच की तिचा कुठलाही भाग सुटा काढून नवा बसवता येतो.

नव्या बोटी आता मोठ्या प्रमाणावर फायबरच्या येतात, आणि त्यात लाकूड नाही म्हणून कूज नाही असं नाखवे समजतात. पण त्यातल्या अनेक बोटींत इंजिनाखालच्या लांब पट्ट्या आतून लाकडाच्या किंवा प्लायवूडच्याच असतात, वर फायबरचा थर दिलेला. इंजिन बसवताना त्यात भोकं पाडली आणि ती नीट बंद केली नाहीत की पावसाचं पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. इथं टोच्या चालत नाही. हातोडीचा बसका आवाज तेवढा ऐकू येतो, आणि तो ओळखणारा माणूस पुन्हा लाकडी बोटींवर शिकलेला मेस्त्रीच असतो.

म्हणून जुनी बोट घ्यायला निघालेल्यानं, ती लाकडी असो की फायबरची, इंजिन चालू करून बघण्याआधी दोन कामं करावीत. पावसाचं पाणी कुठून आत येतं आणि कुठं साचतं ते शोधावं. मग इंजिनाच्या चारही पायांच्या बोल्टना पाना लावून बघावा. एखादा बोल्ट आवळला जातच राहिला आणि घट्ट होण्याचं नाव घेत नसेल, तर इंजिन कितीही सुरेल चालत असलं तरी सौदा तुळया बदलण्याचा खर्च वजा करूनच करावा.